बारावीनंतर कॉलेजात नेमके किती जण जातात?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की दुपारी एकच्या सुमारास सगळ्या राज्याचे इंटरनेट मंदावते. २०२५ च्या निकालात परीक्षा दिलेले नियमित विद्यार्थी होते १४,१७,९६९ आणि उत्तीर्ण झाले १३,०२,८७३. म्हणजे ९१.८८ टक्के. कोकण विभाग नेहमीप्रमाणे पहिला आला आणि मुली नेहमीप्रमाणे मुलांच्या पुढे राहिल्या. हे सगळे मंडळ शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत मोजून सांगते. विभागवार, शाखावार, विषयवार, श्रेणीवार अशी हवी ती फोड त्यात मिळते.

पुढचा प्रश्न अगदी साधा आहे. या तेरा लाखांतली किती मुले त्याच वर्षी कॉलेजात गेली? निकालाची टक्केवारी जशी एका दिवशी राज्यासमोर मांडली जाते, तसे या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही दिवशी मांडले जात नाही. दहावी-बारावीचा हिशेब मंडळाच्या दप्तरात असतो आणि पदवीचा विद्यापीठांच्या. मुलगा एका दप्तरातून निघतो आणि दुसऱ्या दप्तरात पोचतो किंवा पोचत नाही. मधल्या दोन-तीन महिन्यांत त्याचे काय झाले हे त्याच्या घरच्यांना माहीत असते, वर्गशिक्षकाला कधीकधी माहीत असते. राज्याला ते माहीत नसते.

त्या जागी एक वेगळाच आकडा बातम्यांत फिरतो आणि बहुतेक लोक त्यालाच उत्तर समजतात. केंद्र सरकारचे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण २०१०-११ पासून होते. कॉलेजच्या ऑफिसात त्याला ‘आयशे’ म्हणतात. त्याचा २०२१-२२ चा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. देशात उच्च शिक्षणात ४.३३ कोटी विद्यार्थी असून सकल पटनोंदणी गुणोत्तर, म्हणजे जीईआर, २८.४ आहे असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्राचे गुणोत्तर ३५.३ होते. बातम्यांत त्याचा अर्थ असा लावला गेला की शंभरातली पस्तीस मुलेच कॉलेजात जातात. हा अर्थ चुकीचा आहे. तो का चुकतो हे नीट पाहायला हवे, कारण शैक्षणिक धोरणावरची निम्मी चर्चा याच आकड्यावर चालते.

जीईआर काढण्याची रीत अशी. वरच्या बाजूला उच्च शिक्षणात नाव असलेले सगळे विद्यार्थी घ्यायचे, त्यांचे वय काहीही असो. एफवायचा सतरा वर्षांचा मुलगा त्यात येतो, तिशी गाठलेली पीएच.डी.ची विद्यार्थिनी येते, दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला गेलेला सोळा वर्षांचा मुलगासुद्धा येतो. खालच्या बाजूला १८ ते २३ या वयोगटातली एकूण लोकसंख्या घ्यायची. भागाकार करून शंभराने गुणले की झाले.

आता एक तालुका डोळ्यांसमोर आणा. तिथे प्रत्येक वयाची बरोबर शंभर मुले आहेत. अठरा ते तेवीस म्हणजे सहा वये, तेव्हा या गटात सहाशे जण झाले. समजा, या तालुक्यात एकही मूल मागे राहत नाही. शंभरच्या शंभर बारावी पास होतात, सगळे त्याच जूनमध्ये बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला प्रवेश घेतात, तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात आणि पुढे शिकत नाहीत. मग कुठल्याही वर्षी कॉलेजात किती मुले असतील? एफवायला शंभर, एसवायला शंभर, टीवायला शंभर, म्हणजे तीनशे. तीनशे भागिले सहाशे, जीईआर पन्नास. प्रत्येक मूल कॉलेजात गेले, प्रत्येकाने पदवी घेतली, आणि तरी कागदावर आकडा निम्माच दिसला!

आता याच तालुक्यात पदवी चार वर्षांची करा. नवे एकही मूल आत आले नाही तरी कॉलेजात चारशे मुले होतील आणि जीईआर थेट ६७ वर जाईल. ही कल्पनेतली गंमत नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीचा पर्याय महाराष्ट्रात आधी स्वायत्त कॉलेजांत आला आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही लागू झाला. चौथ्या वर्षाला थांबणाऱ्यांची संख्या जसजशी वाढेल तसतसा हा आकडा वाढत जाईल. याच धोरणाने २०३५ पर्यंत व्यावसायिक शिक्षण धरून जीईआर पन्नासवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठले गेले तर आनंदच आहे. पण त्या दिवशी किती नवी मुले आत आली आणि किती जुनी मुले एक वर्ष जास्त बसली, हे वेगळे काढून पाहावे लागेल.

खालची संख्याही तितकीशी पक्की नाही. देशात शेवटची जनगणना २०११ ची. आज १८ ते २३ वयाचे किती जण आहेत याचा त्या जनगणनेवरून बांधलेला अंदाज वापरतात. आधी हे अंदाज २००१ च्या जनगणनेवरून केले जात. २०११ चा पाया घेतला तेव्हा मागच्या वर्षांचे आकडेही पुन्हा काढावे लागले. शिवाय महाराष्ट्रात आणखी एक गुंता आहे. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत बिहारपासून ईशान्येपर्यंतची मुले शिकतात. ती वरच्या संख्येत हमखास मोजली जातात, आणि खालच्या लोकसंख्येच्या अंदाजात ती कितपत धरली गेली असतील हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून जीईआरला नावे ठेवायची असे नाही. देशाच्या उच्च शिक्षणाची व्यवस्था किती मोठी आहे, ती दहा वर्षांत किती वाढली, कुठला समाजगट मागे आहे, हे पाहायला तो उपयोगी पडतो. २०२१-२२ मध्ये देशाचा आकडा २८.४ असताना अनुसूचित जातींचा २५.९ आणि अनुसूचित जमातींचा २१.२ होता. यातली दरी खरी आहे, कारण तिन्ही आकडे एकाच रीतीने काढलेले आहेत. मुलींचा आकडा २८.५ म्हणजे मुलांच्या २८.३ पेक्षा किंचित वर होता, हेही खरे आहे. फक्त ‘बारावी झालेल्यांपैकी किती’ हा प्रश्न त्याला विचारायचा नाही.

मग तो प्रश्न विचारायचा कोणाला? अमेरिकेत तो दरवर्षी विचारला जातो आणि विचारणारे खाते शिक्षणाचे नसून कामगारांचे आहे. तिथल्या कामगार सांख्यिकी विभागासाठी दर महिन्याला सुमारे साठ हजार घरांची पाहणी होते. बेरोजगारीचा जो आकडा जगभर छापून येतो तो याच पाहणीतून निघतो. ऑक्टोबर महिन्यात तिला शिक्षणाचे काही जादा प्रश्न जोडलेले असतात. घरातल्या कोणी यंदा हायस्कूल पूर्ण केले का? केले असेल तर आत्ता, ऑक्टोबरमध्ये, ती व्यक्ती कॉलेजात आहे का? काम करते का? काम शोधते आहे का? तिथे कॉलेजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत चित्र स्पष्ट झालेले असते.

त्यातून निघालेली मालिका साठ वर्षांहून जुनी आहे. १९६० मध्ये त्या वर्षी हायस्कूल पूर्ण केलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के कॉलेजात गेले होते. २००९ मध्ये हे प्रमाण ७०.१ टक्क्यांवर पोचले. २०२३ मध्ये ते ६१.४ टक्के होते, आणि त्यात मुली ६५ टक्क्यांच्या पुढे तर मुले ५८ टक्क्यांच्या आत होती. सर्वांत वरचा आकडा २००९ चाच असावा यामागे कारण आहे. २००८ च्या मंदीने नोकऱ्या आटल्या होत्या आणि अठरा वर्षांच्या मुलाला कामावर कोणी घेत नव्हते, तेव्हा कॉलेजात जाणे हाच शहाणपणा होता. पुढे कामे मिळू लागली, फी आणि कर्जे वाढत गेली, मग कोविड आला आणि आकडा उतरला. कॉलेजात जाण्याचा निर्णय कॉलेजपेक्षा बाहेरच्या बाजारावर किती अवलंबून असतो हे या एका मालिकेत दिसते. हा प्रश्न कामगार खात्याने विचारण्यातली समजही मला महत्त्वाची वाटते. जो कॉलेजात गेला नाही तो कुठे गेला, हे विचारायला ते खाते विसरत नाही.

अर्थात तो आकडाही डोळे झाकून घेण्यासारखा नाही. हायस्कूलच पूर्ण न केलेली मुले त्याच्या हिशेबाबाहेर असतात. कॉलेजात गेलेल्यांपैकी दहातली सुमारे सात चार वर्षांच्या कॉलेजात जातात आणि बाकीची दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात. प्रवेश घेतलेल्यांतली सुमारे साठ टक्केच सहा वर्षांत शिक्षण पूर्ण करतात. तरी निदान पहिल्या पायरीचा हिशेब तिथे स्वच्छ आहे.

महाराष्ट्रासाठी असा हिशेब ढोबळ का होईना, करून पाहता येतो. ‘आयशे’प्रमाणे २०२१-२२ मध्ये राज्यात ४५.७८ लाख विद्यार्थी होते आणि जीईआर ३५.३. उलटा भागाकार केला की १८ ते २३ वयाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३० लाख धरलेली आहे असे निघते. सहा वयांत वाटली तर एका वयाची मुले झाली साडेएकवीस लाखांच्या आसपास. बारावी उत्तीर्ण होणारे नियमित विद्यार्थी दरसाल साधारण तेरा लाख. केंद्रीय मंडळांची मुले आणि पुन्हा बसून पास होणारे यांची थोडी भर पडते. म्हणजे एका वयाच्या शंभर मुलांमधली साठ-पासष्टच बारावीचा उंबरठा ओलांडतात.

आता वरचा भाग पाहू. देशभरातल्या एकूण नोंदणीत पदवीचे विद्यार्थी ७९ टक्क्यांच्या घरात आहेत. तेच प्रमाण महाराष्ट्राला लावले तर राज्यात पदवीचे विद्यार्थी ३६ लाख होतात. बी.ए.-बी.कॉम. तीन वर्षांचे, इंजिनिअरिंग चार वर्षांचे, वैद्यकीय त्याहून मोठे. सरासरी साडेतीन वर्षे धरली तर एका इयत्तेत दहा लाखांच्या आसपास मुले येतात. त्यातले परराज्यांतले आणि मागच्या वर्षांचे वजा केले तर बारावी झालेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के, फार तर पाऊणशे टक्के मुले पुढे कुठे ना कुठे नाव घालतात. हा माझा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच घ्यावा. पण त्यातून एक गोष्ट निश्चित दिसते. एका वयाची शंभर मुले घेतली तर कॉलेजच्या फाटकाशी येऊन परत फिरणाऱ्यांपेक्षा त्या फाटकापर्यंत न पोचणारी मुले कितीतरी जास्त आहेत. बारावीनंतरच्या गळतीबद्दल बोलताना आपण मोठ्या गळतीनंतर उरलेल्या मुलांबद्दल बोलत असतो.

या उरलेल्यांतही जी ‘गेली नाहीत’, ती सगळी एका जातकुळीची नसतात. लातूरचेच उदाहरण घ्या. बारावीला नव्वद टक्के मिळालेली मुलगी जूनमध्ये कुठल्याही कॉलेजात प्रवेश घेत नाही. ती नीटच्या रिपीटर बॅचला बसते, घरमालकाच्या वरच्या मजल्यावरची कॉटबेसिसची खोली आणखी एक वर्ष ठेवते आणि पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी गॅप सर्टिफिकेट जोडते. २०२४ मध्ये देशभरात तेवीस लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत. तेव्हा अशी रिपीटर मुले थोडीथोडकी नाहीत. यंदाचा हिशेब केला तर ती ‘कॉलेजात न गेलेली’ ठरतात.

तिकडे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाचे उलटे होते. तो कॉलेजात जातो. बारावी कला शाखेतून झालेली असते. तालुक्याच्या कॉलेजचे प्राध्यापक जूनमध्ये गावात येऊन गेलेले असतात, कारण वर्गात पट भरला नाही तर तुकडी धोक्यात येते आणि तुकडीबरोबर प्राध्यापकाचा वर्कलोड. अर्ज भरला जातो, दाखला आणि गुणपत्रकाची झेरॉक्स जोडली जाते, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला सांगितले जाते. ऑगस्टपर्यंत तो अधूनमधून येतो. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. घरात आई आजारी असली किंवा थोरल्याचे लग्न झालेले नसले की कोयता पुरा करायला हाच मुलगा बापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. पहिल्या सत्राची परीक्षा त्याच दिवसांत असते. मार्च-एप्रिलमध्ये तो परत येतो तेव्हा दुसरे सत्रही संपत आलेले असते.

‘आयशे’च्या फॉर्ममध्ये हा मुलगा असतो. कॉलेजसाठीच्या माहितीपत्रकाला डीसीएफ-२ म्हणतात. कॉलेजचा नोडल अधिकारी, बहुतेक वेळा एखादा प्राध्यापक आणि त्याच्या शेजारी बसलेला ऑफिसातला वरिष्ठ लिपिक, प्रवेशाचे रजिस्टर समोर ठेवून त्यातले तक्ते भरतात. प्रथम वर्ष बी.ए., एकूण किती, त्यात मुली किती, अनुसूचित जाती-जमातीचे किती, ओबीसी किती, दिव्यांग किती. पोर्टलवर बेरीज जुळली नाही तर फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून ती जुळेपर्यंत दोघे बसतात. या तक्त्यांत हजेरीचा रकाना नसतो आणि पहिल्या सत्राचा परीक्षा फॉर्म किती जणांनी भरला याचाही नसतो. रजिस्टरवर नाव आहे ना, मग तो विद्यार्थी. लिपिकाने काहीही खोटे लिहिलेले नसते. त्याला जे विचारले त्याचेच उत्तर त्याने दिलेले असते.

ऊसतोडीसारखीच भरतीची गोष्ट. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाच वाजता पन्नास-शंभर मुले-मुली धावताना दिसतात. ती पोलीस भरतीची तयारी करणारी असतात, अकादमी लावलेली असते. त्यांतल्या बहुतेकांचे नाव कुठल्या ना कुठल्या बी.ए.च्या वर्गात असते, कारण पदवी हाताशी असलेली बरी आणि घरी सांगायलाही काहीतरी लागते. एमआयडीसीत पाळीवर जाणारा मुलगा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घालतो. त्याचीही गणना होते. देशात २०२१-२२ मध्ये दूरशिक्षणाचे ४५.७३ लाख विद्यार्थी होते, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांच्या दहाव्या भागाहून थोडे जास्त. १९८९ मध्ये हे मुक्त विद्यापीठ उभे राहिले ते अशाच माणसांसाठी, आणि ते शिक्षण दुय्यम आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की ‘कॉलेजात गेला’ या एका शब्दाखाली आपण चार प्रकारची आयुष्ये एकत्र बांधतो.

मुलींच्या बाबतीत जाणे आणि न जाणे यांतली रेघ बऱ्याचदा एसटीच्या मार्गावर ओढलेली असते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अकरावी-बारावीचे वर्ग गावोगावच्या हायस्कूलांना जोडले गेले. त्यामुळे ‘हायस्कूल व ज्युनिअर कॉलेज’ अशी एकच पाटी, एकच आवार आणि ओळखीचे सर. पाचवीला ज्या फाटकातून आत गेली त्याच फाटकातून मुलगी बारावी होऊन बाहेर पडते. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पासही मोफत असतो. सिनिअर कॉलेज मात्र तालुक्याला किंवा त्याहून लांब असते आणि मोफत पास बारावीलाच संपतो. पुढे विद्यार्थ्यांची ६६.६६ टक्क्यांची सवलत मिळते, म्हणजे तिसरा हिस्सा पैसे भरून महिन्याचा पास काढायचा. रक्कम फार नसते. पण ज्या घरात मुलीला पुढे शिकवायचे की नाही यावर आधीच दोन मते असतात, तिथे दरमहा हात पसरून मागावी लागणारी लहान रक्कमही निर्णय फिरवते. त्यातून बस सकाळची एक आणि संध्याकाळची एक. प्रॅक्टिकल लांबले तर परतायला काय? या प्रश्नावर अनेक मुलींची बी.एस्सी. बी.ए. झाली आहे आणि अनेकींची बी.ए. झालीच नाही.

दुसरे कारण उघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. परभणी आणि बीड जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही वर होते. बारावीच्या निकालात मुलींनी बाजी मारली असे आपण दरवर्षी वाचतो. ती बाजी मारणाऱ्या मुली म्हणजे तोवर लग्न न झालेल्या मुली, हेही त्या बातमीत असायला हवे.

सरकारने काही केले नाही असे नाही, आणि जे केले त्याचे मोल आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याआधी ते निम्मे माफ होते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळते. या दुसऱ्या योजनेमागचा विचार मला जास्त पटतो, कारण फी हा खर्चाचा एकच भाग आहे हे तिने ओळखले आहे. खोली, खानावळ, प्रवास आणि घरातले कमावते दोन हात कमी होणे हा बाकीचा खर्च, आणि बऱ्याच घरांत तोच मोठा असतो.

हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले तेव्हा त्याबरोबर ‘कमवा आणि शिका’ हेही रुजवले. मुलगा कॉलेजच्या शेतात, बांधकामावर काम करून आपला खर्च भागवू शकत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्याआधी मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे. मराठवाड्याला विद्यापीठ मिळाले १९५८ मध्ये, कोल्हापूरला १९६२ मध्ये, अमरावतीला १९८३ मध्ये, जळगावला १९९० मध्ये, नांदेडला १९९४ मध्ये आणि गडचिरोलीला थेट २०११ मध्ये. या सनावळीकडे नीट पाहिले तर ज्या भागात आज मुले कमी पोचतात तिथे संस्थाही उशिरा पोचल्या हे लक्षात येते. सिरोंच्याहून गडचिरोली आजही दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

आता संस्थांची एकूण संख्या कमी नाही. राज्यात ४,६०० च्या वर कॉलेजे आहेत आणि उत्तर प्रदेश सोडला तर देशात एवढी कॉलेजे आणि एवढे विद्यार्थी कुठल्याच राज्यात नाहीत. अडचण ती कुठे आहेत याची आहे, आणि त्यांत काय शिकवतात याचीही. २०२५ च्या बारावीला विज्ञान शाखेतून साडेसात लाखांहून अधिक मुलांनी अर्ज भरले होते. कला शाखेतून ते पावणेचार लाखांच्या पुढे होते आणि वाणिज्य शाखेतून सव्वातीन लाखांच्या आत. तालुक्याच्या कॉलेजांत मात्र सर्वाधिक तुकड्या अजून बी.ए.च्या असतात. विज्ञान घेतलेल्या मुलाला गावाजवळ बी.एस्सी. मिळाली नाही तर तो शहरात जातो किंवा घरी बसतो. म्हणून एकीकडे कला शाखेच्या जागा रिकाम्या राहतात आणि दुसरीकडे मुलेही बाहेर राहतात.

या सगळ्याचा खरा हिशेब लावणे आता अवघड राहिलेले नाही. शाळेतल्या प्रत्येक मुलाची नोंद २०२२-२३ पासून यूडायस प्रणालीत नावानिशी होते आहे. महाराष्ट्रात सरल प्रणालीत विद्यार्थ्याला क्रमांक त्याही आधीपासून आहे. कॉलेजात गेल्यावर विद्यापीठ त्याला पीआरएन देते. आता अपार नावाचा बारा आकडी क्रमांक आला आहे. तो शाळेपासून कॉलेजपर्यंत एकच राहावा अशी योजना आहे. शाळेचा क्रमांक आणि विद्यापीठाचा क्रमांक एकमेकांना जोडले, मुलांची नावे कुणाला दिसणार नाहीत अशी काळजी घेतली, आणि दर डिसेंबरमध्ये तालुकावार एक तक्ता जाहीर केला तर पुरे. मागच्या उन्हाळ्यात बारावी झालेले इतके, त्यांतले पदवीला गेलेले इतके, पहिल्या सत्राच्या परीक्षेला प्रत्यक्ष बसलेले इतके. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण ऊस तोडायला गेलेला मुलगा तिथेच दिसेल.

तोवर एखाद्या ज्युनिअर कॉलेजला हे स्वतःच्या पातळीवरही करता येईल. जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याच्या कारणाचा एक रकाना असतो. त्यात बारावी झालेल्या प्रत्येक मुलापुढे ‘उत्तीर्ण’ एवढेच लिहून दाखला हातात दिला जातो. एका तुकडीत ऐंशी-शंभर मुले. प्रत्येकाचा किंवा घरच्यांचा मोबाईल नंबर शाळेकडे असतोच. दिवाळीची सुट्टी संपल्यावर दोन शिक्षकांनी आठवडाभर रोज दहा-दहा फोन केले तरी यादी पुरी होते. प्रवेश घेतलास का, कुठे, तासांना जातोस का, परीक्षेचा फॉर्म भरलास का, आणि गेला नसशील तर कशामुळे. पाच प्रश्नांची ही उत्तरे एका वहीत तीन वर्षे लिहिली तर बसची दुसरी फेरी मागायला आगारप्रमुखाकडे जाताना, किंवा बी.एस्सी.ची तुकडी मागायला संस्थेकडे जाताना, मुख्याध्यापकाच्या हातात त्याच्या स्वतःच्या गावचा आकडा असेल.